दात वगळता प्रकृती उत्तम

आमच्या बागेतल्या सकाळच्या कट्ट्यावर कुणाच्याही तब्येतीत खासगी असं काही उरलेलं नाही. कुणाची उपाशीपोटीची साखर किती, कुणाचं कोलेस्टेरॉल काय म्हणतंय, कुणाचं बी-ट्वेल्व्ह तळाला गेलंय, सगळं सगळ्यांना पाठ. एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत. त्यांना साखरेचा तीन महिन्यांचा सरासरी आकडा विचारावा लागत नाही, ते नमस्काराच्या जागी तोच सांगतात. गुडघ्यांचे एक्स-रे तर मोबाइलमध्ये नातवंडांच्या फोटोंच्या अधेमधे येतात. पण ‘परवा दात दाखवून आलो, सगळं ठीक आहे म्हणाले’ असं या मंडळींपैकी कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. दातांचा विषय निघतो तो एखाद्याचा गाल सुजल्यावर. त्या दिवशी तो गृहस्थ मफलर गुंडाळून येतो, खुणेनेच चहा नको म्हणतो आणि बाकीचे त्याला लवंग सुचवतात. दुसऱ्या दिवशी ठणका थांबला की विषय पुन्हा व्हिटॅमिनवर.

आपल्या हिशेबात दात शरीरात धरलेलेच नाहीत, असं माझं मत होत चाललं आहे. काळीज आपलं, मूत्रपिंड आपलं, नाव नीट उच्चारता न येणारी ती प्रोस्टेटसुद्धा आपली. दात मात्र असले तर असले. ‘वय झालं, जायचेच’ असं आपण गुडघ्यांबद्दल इतक्या सहजी म्हणत नाही, डोळ्यांबद्दल तर मुळीच नाही. दातांबद्दल चाळिशीतला माणूसही अगदी विरक्तपणे म्हणतो. विमा कंपन्यांचंही मत आपल्यासारखंच दिसतं. पॉलिसीची बारीक अक्षरं वाचायची चिकाटी असेल तर वाचून पाहा. अपघातात दात गेला तर गोष्ट वेगळी, एरवी दातांचे उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. काळजापासून करंगळीपर्यंत सगळ्यांचा विमा उतरतो, दाढ मात्र ज्याची त्याने बघायची.

वैद्यकाने स्वतःसुद्धा दातांना फार काळ उंबऱ्याबाहेरच ठेवलं होतं. युरोपात दात उपटणं हे न्हाव्याचं काम. दाढी आणि दाढ एकाच बैठकीत उरकायची. दातांच्या विद्येचं जगातलं पहिलं स्वतंत्र कॉलेज १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरला निघालं आणि डॉक्टर वेगळे, दातांचे डॉक्टर वेगळे, अशी वाटणी रीतसर झाली. आपल्याकडे डॉ. रफिउद्दिन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्याला पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मुंबईतलं नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३चं. तोवर, आणि पुढेही बरीच वर्षं, सामान्य माणसाची दाढ जत्रेतल्या वैदूच्या हातात असायची, नाहीतर मुंबईसारख्या शहरात चिनी दंतवैद्याच्या. त्यांच्या पाटीवर गुलाबी हिरड्यांची भलीमोठी कवळी रंगवलेली असे. अक्षरओळख नसलेल्यालाही आत काय मिळतं ते रस्त्यावरूनच कळायचं. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला तेव्हा नोंदवहीचे दोन भाग केले गेले: पदवीवाले ‘भाग अ’मध्ये आणि पदवी नसताना आधीपासून याच धंद्यावर पोट असलेले ‘भाग ब’मध्ये. नुसत्या पदवीवाल्यांवर सोपवलं तर निम्मा देश गाल धरून बसेल, हे कायदा करणाऱ्यांनाही कळत असणार.

खरं तर हा कारभार फार जुना. बलुचिस्तानात मेहरगढच्या उत्खननात नऊ माणसांच्या अकरा दाढा सापडल्या, गारेच्या टोकाच्या गिरमिटाने नीट भोकं पाडलेल्या. काळ साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा. भोकांच्या कडा पुढच्या वापराने गुळगुळीत झालेल्या, म्हणजे ही माणसं त्यानंतरही जगली आणि त्याच दाढांनी चावत राहिली. भुलीचा प्रश्नच नव्हता. दात काढताना गुंगी आणण्याची पहिली धडपड १८४०च्या दशकातली आणि आज आपल्या हिरडीत टोचतात ते लिडोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालं. इतक्या हजार वर्षांत सुखाची वर्षं पावणेदोनशेच्या आसपास, खात्रीच्या सुखाची त्याहून कमी. दातांच्या डॉक्टरांची आपल्याला वाटणारी भीती त्याआधीच्या काळातली असावी. वाडवडिलांकडून आलेली वस्तू आपण सहसा टाकत नाही.

वाडवडिलांकडून दुसरीही एक गोष्ट आली, ती म्हणजे दातातला किडा. ही समजूत बाबिलोनपासून बारामतीपर्यंत सारखी. आपल्याकडे रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी दाढेला द्यायची, तोंडाखाली पाण्याचं भांडं धरायचं. थोड्या वेळाने भांड्यात पांढरट काहीतरी तरंगायला लागायचं, सगळं घर वाकून बघायचं आणि रोग्याला निम्मं बरं तिथेच वाटायचं. ते दातातलं नसायचं, बियांतलंच असायचं. पण कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक नावाच्या कापडवाल्याने १६८३ साली स्वतःच्या दातांमधली पांढरी साय खरवडली आणि आपणच घासलेल्या भिंगाखाली धरली. त्यात त्याला असंख्य चिमुकले जीव पोहताना, गिरक्या घेताना दिसले. हा माणूस रोज मिठाने दात घासणारा, कापडाने पुसणारा. त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं की आपल्या एकट्याच्या तोंडात जेवढे जीव आहेत तेवढी आपल्या देशात माणसं नाहीत. मग त्याने जन्मात दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातलीही साय मागून घेतली. म्हाताऱ्याने ती कौतुकाने दिली की चिडून, याची नोंद माझ्या वाचनात आलेली नाही.

किडा नाही, पण जीव होते. ते आपल्याबरोबरच जेवतात आणि त्यांचा जीव साखरेवर. साखर खाल्ली की ते आम्ल सोडतात आणि आम्लाने दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, विरघळायला लागतं. मानवी शरीरात इनॅमलइतकं कठीण दुसरं काहीच नाही, हाडसुद्धा नाही. पण त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे एकदा खड्डा पडला की तो स्वतःहून भरून येत नाही. तोवरची राखण लाळ करते. ती आम्ल धुते, गेलेले क्षार थोडे परत बसवते, फक्त तिला अर्धा-पाऊण तास मोकळा मिळावा लागतो. इथे आपल्या कचेऱ्यांचा प्रश्न येतो. दहाला अर्धा कप, साडेअकराला कटिंग, साहेबांकडे कुणी आलं म्हणून पुन्हा अर्धा, आणि प्रत्येक अर्ध्याबरोबर एक मारी. बिचाऱ्या लाळेने हातातलं काम संपवायचं कधी? ताटातली पुरणपोळी एकदाच येऊन जाते. तिची बदनामी जास्त झाली आहे. घात करतो तो दिवसभर थोडाथोडा गोड राहणारा घोट आणि दाढांच्या खाचांत चिकटून बसणारं बिस्कीट. चॉकलेटच्या नावाने नातवंडांना दटावणाऱ्या आजोबांच्या बशीत कोणता पदार्थ बुडत असतो, हे एकदा पाहून ठेवावं.

दात निदान ठणकून तरी सांगतात. हिरड्या फार सोशिक. त्यांची तक्रार एवढीच, की ब्रशला रक्त लागतं. रोज सकाळी केस विंचरताना फणीला रक्त लागलं असतं तर आपण त्याच दिवशी दवाखान्यात पळालो असतो. इथे नळ सोडतो, बेसिन स्वच्छ करतो आणि टूथपेस्ट बदलतो. सुजलेल्या हिरड्यांच्या कपारींत जंतू वस्ती करतात, तिथली सूज सगळ्या अंगाला भोवते आणि साखर आटोक्यात राहत नाही. उलट, साखर चढली की हिरड्या आणखी बिघडतात. मधुमेह आणि हिरड्यांचं दुखणं यांचा हा दोन्ही बाजूंनी येण्याजाण्याचा रस्ता आता चांगला अभ्यासलेला आहे. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तो तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडाही थोडा खाली येतो. हे मी त्या मॅनेजरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘पण मला दातांचा काही त्रासच नाही हो!’’ आणि आकडा सांगून पुढे गेले.

हृदयाच्या बाबतीत डॉक्टर जपून बोलतात, आणि ते बरोबर आहे. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार एकाच माणसात बऱ्याचदा भेटतात, पण एकामुळे दुसरा होतो असं म्हणायला ते अजून तयार नाहीत. झडपेची गोष्ट निराळी. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे त्यांना दात काढण्याआधी प्रतिजैविक देतात, कारण तोंडातले जंतू रक्तात उतरून झडपेवर ठाण मांडू शकतात. झडपेची शस्त्रक्रिया ठरली की आधी दात दाखवून या म्हणतात ते त्यासाठीच. छाती उघडणारा सर्जन दाढेच्या चिठ्ठीसाठी अडून बसतो, तेव्हा कुठे घरच्यांना कळतं की दाढ आणि छाती एकाच माणसाची आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या बाबतीतही हेच. तोंडातली घाण श्वासाबरोबर खाली उतरते आणि न्यूमोनिया होतो, म्हणून त्यांचं तोंड साफ ठेवणं हे औषधाइतकंच गरजेचं. आपण त्यांना पावडर लावतो, केस विंचरतो, तोंड तेवढं विसरतो.

दात घासण्याच्या विद्येत आपण मागासलेले नव्हतो. चरकाने दातण दोन वेळा करायला सांगितलं आहे आणि हिरड्यांना इजा होऊ न देता, हेही बजावलं आहे. दोन हजार वर्षांत यातली सकाळची वेळ आपण पाळली, रात्रीची सोडली आणि इजेची अट तर उलटीच केली. आमच्या लहानपणी राखुंडी होती. गोवरीची नाहीतर बदामाच्या टरफलांची राख, मीठ, असलाच तर कापूर. तर्जनीने ती अशी घासायची की तांब्याची भांडी बघत राहावीत. पुढे ब्रश आला तरी मनगट तेच राहिलं. कडक ब्रश घेऊन आडवा रंधा मारणाऱ्यांच्या दातांना हिरडीपाशी खाचा पडतात, मग थंड पाण्याने सणक जाते आणि दोष पाण्याला मिळतो. मऊ ब्रश, हलका हात, दोन मिनिटं, आणि रात्रीचं घासणं तर चुकवूच नये, कारण झोपेत लाळ आटते आणि राखणदार गैरहजर असतो.

गावाकडे बायकांना मशेरी लागते. तंबाखू तव्यावर भाजून काळी करायची, कुटायची आणि दातांना लावून तासभर कामं करत राहायची. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं सांगणाऱ्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तिच्या दिवसातला स्वतःचा असा विरंगुळा बहुतेक तेवढाच असतो. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, पण तव्यावर सरकारला कुठे नजर ठेवता येते? गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. टपऱ्यांनी ती कशी पाळली ते आपण रोज पाहतो. सुपारीने तोंडाची आतली कातडी ताठरते आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. पोरगा घास लहान घ्यायला लागतो, तिखट सोडतो, घरचे म्हणतात सुधारला. साध्या निरोगी तोंडात आपली तीन बोटं उभी मावतात. हे वाचता वाचता कुणी बोटं तोंडाशी नेली असतील तर हरकत नाही, फक्त आधी धुवावीत.

दातांच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की जो वास येतो तो लवंगेचा. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल तिथल्या दातात भरायच्या सिमेंटमध्ये असतं. म्हणजे कट्ट्यावरचा सल्ला अगदी चुकीचा नाही, अपुरा आहे. पुढचा प्रसंग सगळ्यांच्या ओळखीचा. खुर्ची मागे कलते, दिवा डोळ्यांवर येतो, तोंडात एक आरसा, एक हूक आणि लाळ ओढणारी नळी जाते आणि मग डॉक्टर विचारतात, ‘‘काय म्हणता, मुलगा कुठे असतो सध्या?’’ याचं जे उत्तर आपण देतो ते त्यांना कळतं, हे मला या शास्त्रातलं सर्वांत मोठं कौशल्य वाटतं. बाहेरच्या बाकावर तोवर ज्ञानाची देवाणघेवाण चाललेली असते: वरची दाढ काढली की नजर जाते, क्लिनिंग केलं की दात हलायला लागतात. नजरेचा दाढेशी काही संबंध नाही. हलण्याचं सांगायचं तर, हाड खचून दात आधीच हललेला असतो. त्याला किटणाने जखडलेलं असतं, किटण निघालं की पितळ उघडं पडतं.

पूर्वी दात गेलेल्या माणसाची घराने सोय केलेली असायची. आमच्या आजोबांच्या बैठकीजवळ पान कुटायचा एवढासा खलबत्ता होता. पान, सुपारी, कात, चुना असं सगळं त्यात जायचं आणि कुटायला शेजारपाजारच्या पोरांत भांडणं लागायची. आजोबांना दात नव्हते, पण त्यांचा विडा चुकला नाही आणि विड्याभोवती जमणारी माणसंही कमी झाली नाहीत. आता खलबत्ता फडताळात आणि दात गेलेलं माणूस आतल्या खोलीत.

माझ्या एका आत्याचं उदाहरण मला फार शिकवून गेलं. पन्नाशीनंतर तिच्या दाढा एकेक करून गेल्या. तिने तक्रार केली नाही, फक्त सवयी बदलल्या. भाकरी गेली, चहात बुडवलेली पोळी आली. काकडी, गाजर, पेरू, ओले हरभरे, सगळं ‘मला नाही आवडत’ या सदरात गेलं. हसताना पदर तोंडावर यायला लागला. लग्नाच्या पंगतीत ‘आज माझं उपासाचं आहे’ म्हणायची. एवढ्या एकादशा कॅलेंडरवर नसतात, हे कुणी मोजलं नाही. पुढे चक्कर यायला लागली, रक्त कमी निघालं, टॉनिक आलं, गोळ्या आल्या. त्या गोळ्यांत अशाही होत्या की ज्यांनी तोंड कोरडं पडतं. इतक्या तपासण्या झाल्या, पण ‘बाई, तुम्ही जेवता काय?’ हे कुणी विचारलं नाही आणि ‘आ करा’ हे तर नाहीच. शेवटी एका भाचीने हट्टाने नेऊन कवळी करून आणली. पहिला आठवडा तिच्या ‘स’मधून शीळ वाजायची आणि ती कवळी पेल्यात जास्त, तोंडात कमी असायची. महिन्याभरात तिने ज्वारीची भाकरी मागितली, तीही कडक पापुद्र्याची. त्यापाठोपाठ भजनी मंडळ सुरू झालं, आणि भांडणंही. ती वयाने शांत झाली असं आम्ही सगळे समजत होतो. ती शांत झालेली नव्हती, तिला दात नव्हते.

लहान मुलांबाबत आपली बेफिकिरी वेगळ्या तर्काने चालते: दुधाचेच दात, पडणारच आहेत. तो पडलेला दात शेणात घालून कौलावर फेकायची रीत होती. आता सोसायटीच्या गच्चीवर फेकला तर नोटीस येईल. पण दुधाच्या दाढा किडून लवकर गेल्या तर मागून येणाऱ्यांची जागा चुकते. शिवाय सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे एक दाढ गुपचूप उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच समजली जाते. ती जन्माची असते आणि बहुतेकदा पहिली किडते तीच. तेव्हा सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात बॅटरी मारून बघाच.

खर्चाची भीती मात्र खोटी नाही. रूट कॅनल आणि वरची कॅप म्हणजे मध्यमवर्गाच्या महिन्याचा हिशेब कोलमडतो, आणि हातावर पोट असलेला दाढ उपटून मोकळा होतो, कारण ते स्वस्त पडतं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत हीच कामं बरीच कमी पैशांत होतात. तिथे वेळ लागतो, विद्यार्थी हात बसवत असतो, पण त्याच्या पाठीशी शिक्षक उभे असतात आणि बाहेर कुठे एका दाढेकडे चौघे जण एवढ्या गांभीर्याने पाहत नाहीत.

तर विनंती एवढीच. यंदा चकलीची भाजणी दळायला टाकाल, त्याच आठवड्यात घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्यांचे दात दाखवून आणा. दिवाळीनंतरची वेळ मागू नका. तेव्हा तिथे चकलीवाल्यांची गर्दी असते.